देहाची कर्मे पुरती वाचावीत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस) सुरू झाला की ख्रिस्ती धर्माविषयी एक गोष्ट दोन ठिकाणी हमखास सांगितली जाते. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत जे परिचयपर लेख येतात, त्यांत, बहुधा सद्भावनेनेच, असे लिहिलेले असते की ख्रिस्ती धर्म शरीराला पापाचे मूळ मानतो आणि म्हणून या चाळीस दिवसांत ख्रिस्ती माणूस शरीराला क्लेश देऊन आत्म्याची शुद्धी करतो. आमच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, उपदेशाच्या पुलपिटावरूनही याच काळात देह आणि आत्मा यांच्या झगड्यावर संदेश दिला जातो, आणि त्यात देह म्हणजे पोट, जीभ, डोळे आणि तारुण्य एवढाच अर्थ ऐकणाऱ्याच्या पदरी पडतो. बाहेरचा लेखक आणि आतला उपदेशक यांचे अशा रीतीने एकमत झालेले पाहून वाचकाला वाटणारच की पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हेच सांगते. मला नम्रपणे पण स्पष्टपणे म्हणायचे आहे की पवित्र शास्त्र हे सांगत नाही, आणि हा गैरसमज आमच्या मंडळ्यांना आतून पोखरतो आहे.

या झगड्याचे मुख्य वचन नव्या करारातील, प्रेषित पौलाने लिहिलेल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. देहाची वासना आत्म्याविरुद्ध आहे आणि आत्म्याची देहाविरुद्ध आहे, ही परस्परविरोधी आहेत, असे पौल तेथे सतराव्या वचनात लिहितो. हे एकच वचन उचलून त्यावर तासभर बोलता येते आणि तसे बोललेही जाते. परंतु पत्र हे पत्र आहे, ते कोणाला आणि कोणत्या भांडणात लिहिले गेले हे बाजूला ठेवले तर त्यातले वाक्य कोणत्याही अर्थाला जुंपता येते.

गलतिया हा आजच्या तुर्कस्तानाच्या मध्यभागातला प्रांत. पहिल्या शतकाच्या मध्यावर पौलाने तेथे सुवार्ता सांगितली आणि यहुदी नसलेल्या लोकांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. तो पुढे गेल्यावर दुसरे शिक्षक आले आणि म्हणू लागले की ख्रिस्तावरील विश्वास ठीक आहे, पण देवाच्या लोकांत पुरते सामील व्हायचे तर सुंता करून घ्यावी लागेल आणि मोशेचे नियमशास्त्र पाळावे लागेल. या मागणीवर पौल इतका संतापला की त्याच्या इतर पत्रांत सुरुवातीला आढळणारी उपकारस्तुतीसुद्धा या पत्रात नाही. आता तिसऱ्या अध्यायातले तिसरे वचन पाहावे. तुम्ही आत्म्याने प्रारंभ केला आणि आता देहाने पूर्णत्वाला जाणार काय, असे तो त्यांना विचारतो. येथे गलतीकर कोणत्या भोगात बुडाले होते? कोणत्याही नाही. ते अधिक धार्मिक होऊ पाहत होते. नियम, सण आणि दिवस पाळून, अंगावर धर्माची खूण करून घेऊन ते देवापुढे आपली बाजू भक्कम करू पाहत होते. आणि नेमक्या याच खटाटोपाला पौल देहाचे काम म्हणतो. ज्याला देह म्हणजे केवळ शरीराच्या वासना असे वाटते, त्याने या एका वचनाचा अर्थ लावून दाखवावा.

पाचव्या अध्यायातही संदर्भ हाच आहे. तेराव्या वचनात तो सांगतो की तुम्हांला स्वातंत्र्यासाठी पाचारण झाले आहे, पण त्या स्वातंत्र्याने देहवासनांना वाव देऊ नका, प्रीतीने एकमेकांचे दास व्हा. चौदाव्यात शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची आज्ञा येते आणि पंधराव्यात एकदम बजावणी येते, की तुम्ही एकमेकांना चावता आणि खाता, तर परस्परांच्या हातून नाश पावाल, सांभाळा. यानंतरच देह आणि आत्मा यांच्या विरोधाचे वचन येते. म्हणजे झगड्याची ही शिकवण एकांतात बसून वासनांशी झुंजणाऱ्या साधकासाठी लिहिलेली नाही. सुंता करावी की न करावी यावरून एकमेकांचे लचके तोडणाऱ्या मंडळीला ती लिहिलेली आहे.

मग यादी येते, आणि ती पुरती वाचावी एवढीच माझी मागणी आहे. जारकर्म, अशुद्धपणा, कामातुरपणा, मूर्तिपूजा, चेटके, वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा, दारूबाजी, रंगेलपणा. ही पंधरा नावे झाली. काही जुन्या प्रतींत हेव्यानंतर खून हाही शब्द आहे. यांतील पहिली तीन कामवासनेची आहेत, शेवटची दोन पिण्याची व चैनीची, दोन खोट्या उपासनेची. उरलेली आठ, अर्ध्याहून अधिक, ही माणसामाणसांतील भांडणाची आहेत. सुरुवातीला आणि शेवटी सर्वांना मान्य असलेली पापे ठेवून पौलाने मध्यभागी ऐकणाऱ्यांचीच पापे मांडली आहेत. वैराला आणि पक्षभेदाला शरीराची कोणती भूक लागते? तट पाडणारा माणूस बहुधा निर्व्यसनी असतो, वेळेवर उपासनेला येतो, दशांश देतो, उपवासही करतो. पौलाच्या हिशेबी तो देहाप्रमाणे चालणारा आहे, आणि अशी कर्मे करणाऱ्यांना देवाच्या राज्याचे वतन मिळणार नाही, हा इशारा जारकर्म्याइतकाच त्यालाही आहे.

षड्रिपूंची कल्पना मराठी मनाला लहानपणापासून ठाऊक असते आणि त्यातही क्रोध, मद व मत्सर हे कामाच्या बरोबरीने बसलेले असतात. त्यामुळे ही यादी मराठी वाचकाला परकी वाटू नये. अडचण दुसरीकडे आहे. देह नश्वर, आत्मा अमर, देह हे आत्म्याचे वस्त्र किंवा बंधन, असा विचार आपल्याकडे सर्वत्र मुरलेला असल्याने पौलाचे वाक्य कानावर पडताच ऐकणारा ते त्याच चौकटीत बसवतो: माणसाच्या आत एक शुद्ध अंश आहे, बाहेर एक मलिन अंश आहे, आणि त्या दोघांचे युद्ध चालू आहे. गलतीकरांस पत्रात ज्या आत्म्याविषयी हे लिहिले आहे तो माणसाचा असा आतला अंश नसून देवाने विश्वासणाऱ्यांना दिलेला पवित्र आत्मा आहे. युद्ध माणसाच्या दोन भागांमध्ये नाही. एका बाजूला आपल्याच बळावर, आपल्याच कुळावर, आपल्याच धार्मिकतेवर उभा राहू पाहणारा संपूर्ण माणूस आहे, मनाबुद्धीसकट. दुसऱ्या बाजूला त्याला देवाकडे आणि शेजाऱ्याकडे वळवणारा देवाचा आत्मा आहे. हे ध्यानात घेतले की मग प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन या नऊ गोष्टींना पौल आत्म्याचे फळ का म्हणतो, माणसाची कमाई का म्हणत नाही, तेही उलगडते. त्या नवांत इंद्रियदमन आहेच, पण ते शेवटी आहे, आणि बहुतेक बाकीच्या गोष्टी दुसरा माणूस समोर असल्याशिवाय आचरणातच येत नाहीत.

पौलाचीच इतर पत्रे याला दुजोरा देतात. फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात देहावर भरवसा ठेवण्यासारखे आपल्याजवळ काय काय होते ते तो मोजून दाखवतो: आठव्या दिवशी झालेली सुंता, इस्राएलाचे कूळ, बन्यामिनाचा वंश, नियम काटेकोर पाळणारा परूशी पंथ, नियमशास्त्राविषयी निर्दोष वर्तन. यात एकही पातक नाही. हा तर मानाचा पट आहे, आणि तो सारा पट देहाच्या खाती जमा आहे. करिंथच्या मंडळीला तो विचारतो की तुमच्यात हेवा व कलह आहे, एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसाचा (हा तेथला दुसरा शिक्षक), तर तुम्ही देहस्वभावाचे नाही काय? त्याच पत्रात पुढे सहाव्या अध्यायात तो तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असेही लिहितो. शरीर ही पापाची खाण असती तर तिला मंदिर म्हणण्याचे धाडस त्याने केले नसते. कलस्सैकरांस लिहिताना तर तो शिवू नको, चाखू नको, हात लावू नको अशा नियमांचा समाचार घेतो, शरीराला कष्ट देण्यात ज्ञानाचा आव आहे म्हणतो, आणि देहवासनेला आवर घालण्याच्या कामी या नियमांची काहीच किंमत नाही असे ठणकावून सांगतो. कठोर उपवासाने देह जिंकला जात नाही, कधी कधी तो त्यानेच पोसला जातो, हे त्याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे.

याच्या उलट बाजूनेही शास्त्रवचने दाखवता येतात, आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मी आपले शरीर कुदलतो (कठोरपणे वागवतो) व त्याला दास करून ठेवतो, असे पौलच करिंथकरांना लिहितो. रोमकरांस पत्रात शरीराची कर्मे ठार मारा म्हणतो. या मरणाच्या शरीरापासून मला कोण सोडवील, असा टाहोही त्याचाच आहे. पहिले वचन धावण्याच्या शर्यतीविषयी बोलता बोलता आलेले आहे. धावपटू आपल्या शरीराचा द्वेष करीत नाही, त्याला बक्षीस मिळवायचे असते म्हणून तो ते कसतो, आणि उपवासाचा खरा उपयोगही मला तेवढाच दिसतो. रोमकरांस पत्रातील वचनांच्या शेजारीच, आठव्या अध्यायाच्या अकराव्या वचनात, तुमची मर्त्य शरीरेही जिवंत केली जातील असे अभिवचन आहे आणि तेविसाव्या वचनात शरीराच्या मुक्तीची वाट पाहणे आहे. मुक्ती शरीराची व्हायची आहे, शरीरापासून नाही. पाप शरीराच्या अवयवांतून काम करते हे खरे, म्हणून त्या अवयवांना आवर हवा. पण त्यांना कामाला लावणारा त्यांच्याहून वेगळा आहे.

आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे, हे प्रभू येशूचे गेथशेमाने बागेतील वाक्य तर याबाबतीत सर्वांत जास्त वापरले जाते, आणि तेही एकटेच. त्या रात्री शिष्यांना झोप लागली होती, डोळे जड झाले होते, यात वासना कसली? ज्या पेत्राला हे वाक्य ऐकवले गेले, तोच पेत्र थोड्याच वेळापूर्वी, इतर सर्व अडखळले तरी मी अडखळणार नाही, असे सर्वांदेखत म्हणाला होता. त्याचा पाडाव झाला तो स्वतःविषयीच्या या खात्रीमुळे. प्रभूचे ते वाक्य दटावणीपेक्षा करुणेचे अधिक आहे, आणि जागे राहून प्रार्थना करा हे त्याच्या आधी सांगितलेले आहे. शिवाय शब्द देही झाला, म्हणजे देव येशूत माणूस झाला, अशी कबुली ज्या धर्माच्या मुळाशी आहे, ज्याचा प्रभू जेवला, थकला, रडला, जखमा घेऊन पुन्हा उठला, त्या धर्माला शरीराचा तिटकारा शिकवता येणेच कठीण आहे.

ख्रिस्ती इतिहासात असा तिटकारा शिकवला गेला नाही असे मात्र मी म्हणत नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकाने आणि अनेक ज्ञानवादी पंथांनी सृष्टी व शरीर हलक्या दर्जाच्या देवाचे काम ठरवले, पुढे मानीच्या पंथाने जडद्रव्य हेच दुष्ट ठरवले. मंडळीने या शिकवणी नाकारल्या. चौथ्या शतकात आशिया मायनरमधील गांग्रा येथे भरलेल्या परिषदेने विवाहाला तुच्छ लेखणाऱ्या आणि मांस खाणाऱ्याला दोषी ठरवणाऱ्या कडव्या विरक्तांविरुद्ध नियम केले. विरक्ती वाईट म्हणून ते नियम झाले नाहीत. विरक्तीच्या तोऱ्यात इतरांना हिणवले जाऊ लागले म्हणून झाले.

या विषयात सर्वांत खोल गेलेला माणूस म्हणजे संत ऑगस्टीन (354–430). तारुण्यात तो नऊ वर्षांच्या आसपास मानीच्या पंथात होता, त्यामुळे शरीराला दोष देऊन स्वतः मोकळे होण्याची युक्ती त्याला आतून माहीत होती. माझ्यातील दुसरे कोणीतरी पाप करते, मी नाही, असे मानणे त्याला तेव्हा सोयीचे वाटे, हे त्याने पुढे लिहून ठेवले. 386 मध्ये मिलान येथील बागेत त्याचे मन पालटले, आणि त्या दिवसांचे वर्णन करताना तो सांगतो ती दोन इच्छांची झुंज आहे. हवेसेही वाटते आणि नकोसेही वाटते, आणि दोन्ही इच्छा आपल्याच आहेत. उतारवयात 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या चौदाव्या भागात त्याने गलतीकरांस पत्रातील हीच यादी उलगडली. तो दाखवतो की वैर, कलह, मत्सर ही मनाची पापे आहेत आणि तरीही पौल त्यांना देहाची कर्मे म्हणतो. पुढे त्याचा युक्तिवाद असा आहे: सैतानाला शरीर नाही; त्याच्यावर ना जारकर्माचा आरोप करता येतो ना दारूबाजीचा, पण गर्व आणि हेवा त्याच्याइतका कोणाजवळ नाही. नाशवंत शरीराने जिवाला पापी केले नाही, पापी जिवाने शरीराला नाशवंत केले. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे पान आमच्या प्रत्येक पाळकाने एकदा तरी वाचावे असे मला मनापासून वाटते. याच ऑगस्टीनाने पेलेजियन वादात, म्हणजे माणूस स्वबळावर निष्पाप राहू शकतो काय या वादात, कामवासनेविषयी जे लिहिले त्याची गडद सावली पाश्चात्त्य मंडळीवर पुढे शतकानुशतके राहिली, हेही नाकारता येत नाही. मला त्याचे ते लिखाण पटत नाही.

ईजिप्तच्या वाळवंटातील साधूंनी शरीर कसण्यात कसर ठेवली नव्हती, तरी त्यांचेही म्हणणे आज सांगितले जाते त्याहून निराळे आहे. त्यांच्यातील एवाग्रियसाने माणसाला घेरणारे आठ विचार मांडले. त्यांची सुरुवात खादाडपणाने होते आणि शेवट फुशारकी व गर्व यांनी होतो, म्हणजे पोट जिंकल्यावर खरी कठीण लढाई उरतेच. त्यांचा वारसा पश्चिमेकडे नेणाऱ्या जॉन कॅशियनच्या संवादांत तर देह व आत्मा यांची ही ओढाताण हिताची म्हटली आहे, कारण तिच्यामुळे माणूस ना आळसात लोळतो ना अतिरेकी तपश्चर्येच्या घमेंडीत चढतो.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1522 मध्ये रोमकरांस पत्राला लिहिलेल्या प्रस्तावनेत देह म्हणजे केवळ कामवासनेशी संबंधित बाब असे समजू नका, देह म्हणजे शरीर, जीव, बुद्धी आणि सर्व इंद्रिये यांसह संपूर्ण माणूस, असे बजावले. विश्वासणारा हा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, आणि म्हणून हा झगडा मरेपर्यंत चालतो, ही त्याची शिकवण. याच प्रस्तावनेचे वाचन 24 मे 1738 रोजी संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहान सभेत चालू असता मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याचे अंतःकरण विलक्षण रीतीने उबदार झाले. परंतु वेस्लीने पुढे जी वाट धरली ती लूथरची नव्हती. जे चांगले करावेसे वाटते ते मी करीत नाही, हा रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातला आक्रोश वेस्लीच्या मते अजून नियमशास्त्राखालीच असलेल्या माणसाचा आहे. ख्रिस्तात आलेला माणूस आठव्या अध्यायात राहतो. पूर्वेकडील प्राचीन ग्रीक भाष्यकारांचे मतही साधारण असेच होते, आणि खुद्द ऑगस्टीनही आधी तसेच म्हणत असे, नंतर त्याने आपले मत बदलले. ज्या अध्यायावर एवढ्या थोर माणसांत मतभेद आहेत त्यावर निकाल देणे माझ्यासारख्या साध्या वाचकाचे काम नाही, तरी माझा कल सांगतो. लूथरचे म्हणणे माणसाच्या अनुभवाला धरून आहे, पण सातवा अध्याय आठव्यापासून तोडला की तो पळवाट होतो. मी काय करू, देहच अशक्त आहे, असे म्हणून बायकोवर हात उचलणाराही त्याच अध्यायात आसरा शोधतो. पौलाने तो अध्याय आसऱ्यासाठी लिहिलेला नाही. सुटकेचे उत्तर पुढच्याच श्वासात येते, आणि आठव्या अध्यायाची पहिली वचने त्या उत्तराचा विस्तार आहेत.

हे सारे जुने वाद आजच्या वर्तमानपत्रात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या मंडळ्यांचे आजचे चित्र आहे. एका मंडळीतील प्रसंग, नाव न घेता, सांगतो. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) तीन तासांची उपासना, वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात संदेश, सकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेली माणसे. पहिला उद्गार, हे बापा, त्यांना क्षमा कर, त्यावरचा संदेश एका वडीलधाऱ्या पंचांनी दिला आणि तो खरोखर चांगला दिला. तीन वाजता आशीर्वाद झाला, आणि सव्वातीनला तेच गृहस्थ आवारातल्या कडुनिंबाखाली दुसऱ्या गटाच्या माणसाची गचांडी धरून उभे होते. वाद मंडळीच्या जागेच्या भाडेकरारावरून, आणि तो धर्मादाय आयुक्तांकडे आधीच गेलेला होता. पोटात अन्न नव्हते, हात थरथरत होते, आणि दोघांपैकी एकालाही आपण देहाप्रमाणे चाललो आहोत असे त्या क्षणी वाटले नसावे, कारण त्यांना शिकवले गेले होते की देह म्हणजे पोट, आणि पोट तर त्यांनी त्या दिवशी मारलेले होते. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव नेमके हेच विचारतो: तुम्ही उपास करता तो कज्जे करण्यासाठी आणि मुठी मारण्यासाठी काय?

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाज लहान आहे आणि त्याच्या पदरी असलेल्या शाळा, दवाखाने, जमिनी यांवरचे कितीतरी वाद न्यायालयांत व आयुक्तांच्या कार्यालयांत पडून आहेत. कोण कोणत्या मिशनचा, कोणाचे आजोबा कोणत्या जातीतून आले, कोणत्या गावची माणसे पंच कमिटीवर जास्त, यावरून तट पडतात आणि ते तट लग्ने ठरवताना, दफनभूमीत जागा देतानासुद्धा दिसतात. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा याहून हे वेगळे कसे? आणि याच मंडळ्यांत एखाद्या तरुण मुलीच्या कपड्यांवर, एखाद्या मुलाच्या मोबाईलवर, एखाद्या मधुमेही बाईने उपवास मोडला यावर देहाची कर्मे म्हणून बोट ठेवले जाते. तारुण्यातील मोह खरे आहेत आणि त्यांविषयी शिकवण हवी, हे मला मान्य आहे. जारकर्म त्या यादीत पहिलेच आहे, आणि ते कोणी पुसू नये. पण ज्यांना बोलायला जागा नाही त्यांचीच पापे मोजली जातात आणि ज्यांच्या हाती माईक आहे त्यांची आठ नावे न वाचता पुढे जायचे, हा शास्त्राचा अर्थ लावणे नव्हे.

आमच्याच मातीतले एक उदाहरण मला याबाबतीत मार्गदर्शक वाटते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात आयुष्याच्या उत्तरार्धात मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले तोवर ते काम त्यांनी पुरे करीत आणले होते. त्याच आवारात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली व विधवा जेवत होत्या, दळत होत्या, विणत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या. रमाबाईंची राहणी कमालीची साधी होती, उपवास आणि प्रार्थना त्यांना नवीन नव्हत्या. परंतु विधवेचे शरीर अमंगळ मानून तिचे केस उतरवणाऱ्या आणि तिला एकवेळ जेवायला लावणाऱ्या रूढीच्या विरुद्ध त्या उभ्या राहिल्या होत्या. शरीराला कष्ट देण्यात पावित्र्य असते अशी शिकवण बाईच्या अंगावर कशी उतरते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. आपल्या वृत्तपत्राला अशी, की उपवासकाळावर लेख छापताना ख्रिस्ती धर्म शरीराला पापी मानतो हे वाक्य कृपया छापू नये. जे पंथ तसे मानत होते त्यांना मंडळीने फार पूर्वी बाजूला केले आहे. आमच्या पाळकांना व पंचांना अशी, की येत्या उपवासकाळातील एखाद्या शुक्रवारी गलतीकरांस पत्र पाचव्या अध्यायाच्या तेराव्या वचनापासून सहाव्या अध्यायाच्या पाचव्या वचनापर्यंत, मध्ये न थांबता, मोठ्याने वाचावे. त्यात अपराधात सापडलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणण्याविषयी आणि एकमेकांची ओझी वाहण्याविषयी जे सांगितले आहे ते देह आणि आत्मा यांच्या झगड्याचाच पुढचा भाग आहे. आणि वाचून झाल्यावर, अर्पण वेदीजवळ ठेवून आधी जाऊन आपल्या भावाशी समेट कर या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील आज्ञेप्रमाणे, ज्या दोन गटांचे दावे चालू आहेत त्यांच्या प्रमुखांना पुनरुत्थानाच्या रविवारच्या प्रभुभोजनापूर्वी एका खोलीत समोरासमोर बसवावे. दावा लगेच मिटणार नाही, वकिलांच्या तारखाही पडलेल्या असतील. तरी निदान बोलणे सुरू व्हावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक ख्रिस्ती वाचक
अहिल्यानगर